थिनरचा बोळा

उस्मानने नेलपॉलिश काढायची बाटली मागितली, तेव्हा मेहेक ती टेबलावर ठेवून आत गेली नाही. उभी राहिली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

शुक्रवारची दुपार होती. जुम्म्याची नमाज आटोपून उस्मान घरी आला होता आणि जेवणाच्या टेबलावर कंपनीने भंगारात काढलेला जुना कॉम्प्युटर उघडून बसला होता. त्याचा तो फायरवॉल करणार होता. घरातलं सगळं इंटरनेट त्यातून जाणार, नको ते तिथेच अडणार. एक तार आत यायला, एक बाहेर जायला, म्हणून नेटवर्क कार्डं दोन लागतात. कॉम्प्युटरमध्ये एक होतं. दुसरं त्याने दम्मामहून आणलं होतं.

हा सगळा खटाटोप पोरीसाठी, मेहेकसाठी. चौदा वर्षांची पोर धड जेवत नव्हती. फोन उशीखाली, फोन बाथरूममध्ये, आणि तो वाजला की तोंडावरचा रंग उडायचा. विचारलं की "नथिंग, अब्बा," एवढंच. सफूरा, त्याची बायको, म्हणाली होती की भिंती कसल्या बांधता, पोरीजवळ घटकाभर बसा. बरोबरच होतं तिचं. पण उस्मानला माणसांपेक्षा सामान बरं कळायचं. सौदीत, रास तनुरात एका कंत्राटदाराकडे सोळा वर्षं स्टोअरकीपर होता तो. पोरीला काय विचारायचं, कसं विचारायचं, ह्याची त्याला भीतीच वाटायची.

लॅपटॉपवर ह्या फायरवॉलला चालणाऱ्या चिपांची यादी उघडी होती. नव्या कार्डाच्या खोक्यावरचा नंबर यादीत होता. कार्डावरच्या चिपचा नंबरही तोच. दुसरा कोणी असता तर खलास म्हणून स्क्रू आवळून मोकळा झाला असता. उस्मान खोक्याला भुलणाऱ्यातला नव्हे. स्टोअरमध्ये बेअरिंग आलं की तो आधी त्यावर थिनरचा बोळा फिरवायचा. बनवणाऱ्या कंपनीने कोरलेला नंबर जात नाही, मागाहून कुणी छापलेला असला तर जातो. लोक हसायचे त्याला. हसोत बापडे.

घरात थिनर नव्हता, म्हणून ही बाटली. त्याने कापूस भिजवला आणि चिपवर घासला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वरचा रंग सुटून कापूस काळा झाला. भिंग धरून बघितलं तर खाली दुसराच नंबर, पुसट. यादीत तो कुठेच नव्हता.

"बघ," तो म्हणाला, स्टोअरमधल्या माणसाला दाखवावं तसं. "खोकं चांगलं, नाव चांगलं. आतला माल भलताच."

मेहेकने हिंदीत विचारलं, हे लावलं असतं तर काय झालं असतं. उस्मान म्हणाला, दोन-चार दिवस गुण्यागोविंदाने चाललं असतं. आपला विश्वास बसला असता. मग ऐन वेळी दगा.

ती कार्डाकडेच बघत होती. "तो जिसने लिया, उसकी गलती?"

"घेणाऱ्याची कसली गो चूक?" तो भिंग पुसत म्हणाला. "छापणारा हरामखोर."

मेहेक आत गेली. उस्मानला वाटलं, संपलं, आता पुन्हा दार लागणार. पण ती फोन घेऊन बाहेर आली आणि तो तिने कार्डाशेजारी ठेवला. पडद्यावर एक हसरी मुलगी होती, गुलाबी हिजाबातली. खाली नाव, उझमा.

"जेद्दाहच्या शाळेत आहे म्हणाली होती," मेहेक म्हणाली. आता ती मराठीत बोलत होती. "मी हिला माझे फोटो दिले, अब्बा. ही मुलगी नाहीये. कोणतरी माणूस आहे. आणखी दे म्हणतो, नाहीतर सगळ्यांना पाठवीन."

स्वयंपाकघराच्या दारात सफूरा हातात डाव घेऊन तशीच थांबली.

 उस्मानने फोन उचलला नाही. आधी बाटलीचं बूच लावलं, ते दोनदा सुटलं. कॉम्प्युटर टेबलाच्या कडेला सरकवला आणि शेजारची खुर्ची आपल्याजवळ ओढली.

मेहेक बसली. मान खाली घालून, दोन्ही हात मांडीखाली दाबून, लहानपणी बसायची तशी.

"अब्बा," ती म्हणाली, "मघाचं ते, घेणाऱ्याच्या चुकीचं, परत सांगा ना."