मागण्याची कॉफी

अरबी मुलखातल्या करक गावातील एका वार्ताहर कन्येने वडीलधाऱ्यांच्या मेळ्यासमोर आपल्या व्यवसायाचे पावित्र्य कसे राखले, तो प्रसंग येथे नम्रपणे निवेदन केला जात आहे.

तिचे वडील अबू सक्र यांच्या बैठकीत भिंतीलगतच्या गाद्यांवर वडीलधारी मंडळी विराजमान झाली होती. अग्रस्थानी शेख मित्अब. अबू सक्रने त्यांच्या हाती कॉफीचा पेला दिला. शेखांनी तो ओठांस न लावता भुईवर ठेवला.

"आधी आमचं मागणं, मग तुझी कॉफी."

पेला असा खाली ठेवला गेला, की यजमानाने 'दिलं' म्हणावे, ही रीत. जो म्हणत नाही, त्याच्या दारी पुढे सोयरिकीलाही कोणी येत नाही. दाराआड अबू सक्रची वार्ताहर लेक घैदा ऐकत उभी होती. शाळेची भिंत कोसळून मुले जायबंदी झाली होती. सिमेंटच्या जागी निव्वळ वाळू भरणाऱ्या ठेकेदाराचे, सालिमचे, नाव तिच्या बातमीत उद्या छापले जाणार होते. तो शेखांच्याच कुळातला.

"बातमी खुशाल छापा," शेख म्हणाले. "नाव तेवढं गाळा."

अबू सक्र म्हणाला, "बातमी माझी नाही, शेख. पोरीची आहे. तिलाच विचारा."

कोपऱ्यातला एक म्हातारा खेकसला, "मग मिशा कशाला ठेवल्यास? दे काढून पोरीला!"

"मिशा आहेत तिथंच शोभतात, काका," घैदा आत येत म्हणाली. "बाबांकडे मेंढरू मागा, आत्ता कापतील. पण ही बातमी आमच्या घरची नाही हो. ज्या आयांनी विटांखालून लेकरं ओढून काढली, त्यांनी ती माझ्याकडे ठेवायला दिलीय. दुसऱ्याची ठेव मी पाहुण्याला कशी वाढू?"

"आणि उद्या तुझ्या भावाला कुणी मुलगी दिली नाही तर?" शेखांनी विचारले.

"तर जन्मभर शिव्या घालील मला. ऐकून घेईन."

तिची नजर ढळली नाही. अबू सक्र उठला आणि लेकीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

शेख उठले. त्यांच्यामागोमाग सर्व मंडळी उठली. कॉफी तशीच राहिली. उंबऱ्यापाशी जोडे घालता घालता शेख थबकले.

"काय लिहिलंयस गं? नाव?"

"सालिम अल-हुवैरी."

"एवढंच? अगं, आमच्यात सालिम पुष्कळ. एक तर त्याच शाळेत मास्तर आहे, बिचारा. त्याला कशाला बुडवतेस? बापाचं नाव लाव, आज्याचं लाव. कागद घे."

घैदाने कागद घेतला. दाराच्या चौकटीस एक हात टेकवून शेख तिला आपल्याच कुळातील नावे, एकेक, सावकाश सांगू लागले.

वेळ काढून वाचणाऱ्या सर्व सुजनांचा ऋणी,
दत्ताराम सोनू तळगावकर