डावीकडचं वजन

"मला पण एक चक्कर मारून आणा," सासूबाई म्हणाल्या, आणि मेकॅनिकच्या हातातला पाना निसटून थेट त्याच्या अंगठ्यावर पडला.

जावयाने हेल्मेट काढलं. "आई, ही फिरायला न्यायची गाडी नाही. आत बसायला धड जागासुद्धा ठेवलेली नाही."

"मला कुठे आत झोपायचंय?"

तो आणि त्याचा मेकॅनिक मित्र कित्येक आठवडे त्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारच्या मागे हात धुऊन लागले होते. गाडी हलकी झाली की ट्रॅकवरच्या फेरीची वेळ कमी होणार, हे एकच वेड. मागची सीट गेली, गालिचा गेला, एसी गेला, स्पीकर गेले, स्टेपनी गेली. दारांच्या आतली अस्तरं निघाली तेव्हा बायको म्हणाली होती, "आता तूही उतर, म्हणजे उडेलच!" शेजारची सीट तेवढी वाचली होती, कारण तिचा एक बोल्ट गंजून बसला होता आणि काही केल्या निघत नव्हता. टायर नवे, ब्रेक नवे, स्प्रिंगा कडक. पण हा ट्रॅक म्हणजे जवळजवळ सगळी डावीच वळणं. प्रत्येक वळणावर मागचं डावं चाक हलकं पडायचं आणि जागच्या जागी गरागरा फिरायचं. फेरीची वेळ दोन मिनिटांच्या खाली यायचं नावच घेत नव्हती.

सासूबाई आठवडाभरासाठी आल्या होत्या आणि आज संध्याकाळच्या बसने परत निघणार होत्या. सासरे गेल्यापासून त्या एकट्याच राहत. "इथंच राहा," म्हणून लेकीने परोपरीने विनवलं होतं. "उगाच कुणाच्या घरी बसून राहणं मला जमत नाही गं," एवढंच त्यांचं उत्तर. त्या राहाव्यात असं जावयालाही मनापासून वाटत होतं. पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आठवडाभरात दोघांचं बोलणं झालं ते गिझर आणि दूध या दोनच विषयांवर.

"बसव ना तिला," बायको कठड्यापलीकडून ओरडली. तिच्या हातात स्टॉपवॉच होतं. "एका फेरीनं काय बिघडतंय?"

हेल्मेट अंबाड्यावर बसेना. सगळ्या पिना काढाव्या लागल्या. सासूबाई अंगाने चांगल्या भारदस्त. त्यांना पट्ट्यात बसवता बसवता मेकॅनिक घामाघूम झाला.

पहिल्या वळणाला जावयाने जपून ब्रेक दाबला.

"का थांबलात?"

"थांबलो नाही आई, वळतोय."

"मग जोरात वळा की!"

पुढच्या वळणाला तो जोरात वळला. आणि नवल घडलं. डावं चाक रस्त्याला चिकटून राहिलं, आणि गाडी चिमटीतून निसटलेल्या साबणासारखी सुळकन वळणाबाहेर आली. सासूबाई आधी "अगं बाई!" म्हणाल्या. मग किंचाळल्या. आणि मग हसायला लागल्या, ते थांबेचनात. पोट धरून, खदाखदा, धाप लागेपर्यंत. असं हसू त्याने त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. त्यालाही हसू आवरेना. शेवटची दोन वळणं दोघांनी मिळून किंचाळतच पार केली.

"दोन मिनिटांच्या आत!" बायको कठड्याशी उड्या मारत होती. "चांगली आत!"

मेकॅनिक सुजलेला अंगठा उंच धरून नाचायलाच लागला. "अहो आई, तुमच्यामुळं! हा बसतो उजवीकडे, डावीकडे सगळा ठणठणाट. तुम्ही बसलात आणि ते मेलं चाक खाली टेकलं! आम्ही वजन काढतोय, काढतोय, आणि गाडी बापडी वजन मागतेय!"

सासूबाईंचे केस पार विस्कटले होते, गाल लाल झाले होते. "म्हणजे माझा उपयोग झाला म्हणा की," त्या म्हणाल्या. "मग? पुन्हा जायचं?"

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास?" मेकॅनिक आपल्याच तंद्रीत होता. "तेवढ्याच वजनाची वाळूची पोती बांधू सीटवर. पोत्याला हेल्मेटसुद्धा लागत नाही."

सासूबाईंनी हातातलं हेल्मेट बाजूला ठेवलं. मग त्या हसल्या. "खरंच की. पोतं निदान किंचाळणार तरी नाही." त्या खाली उतरल्या आणि पिना एकेक करून केसांत खोचू लागल्या. "आटपा लवकर. माझी बस चुकायला नको."

पोती चढली. पट्टा आवळला. जावई निघाला. गाडी वळणांवरून अलगद, न कुरकुरता, रुळांवरून धावावी तशी आली. आत मात्र चिडीचूप होतं.

गाडी थांबली. बायकोने घड्याळ पाहिलं. डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. ती काही बोलणार तेवढ्यात जावई दार ढकलून बाहेर आला आणि तावातावाने सासूबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"पोत्यानं काही जमत नाही, आई! नुसतं ढिम्म बसून राहतं. कधी जोरात जायचं, कधी वळायचं, सांगायला कुणी नको का? दर रविवारी तुम्हालाच बसावं लागेल. तुम्ही निघून गेलात तर आमचं कसं व्हायचं?"

इतकं लांबलचक तो त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलला होता. त्याचे कान लाल झाले.

"दर रविवारी?" सासूबाई विचारात पडल्या. "मग बसनं जाऊन कसं चालेल?"

"नाहीच चालणार."

"बघा बाई. म्हणजे आता राहणं आलं." आणि त्यांनी नुकत्याच खोचलेल्या पिना पुन्हा काढायला सुरुवात केली.

मेकॅनिक डोकं खाजवत कठड्याशी आला. "असं कसं होईल? वजन तर तेवढंच होतं. वहिनी, वेळ किती आली?"

"बटण दाबायलाच विसरले हो मी," बायको म्हणाली, आणि अंगठ्याने दाबून तिने घड्याळातली वेळ, आईच्या फेरीहूनही कमी, त्या गाडीची आजवरची सर्वांत कमी वेळ, पुसून टाकली.