सरकत्या भिंतींचं घर

भिंत उचलली गेली तेव्हा थोरली सून प्रेमिला पोळ्या लाटत होती. तिने मानही वर केली नाही. त्या घरात भिंत हलवणं म्हणजे खाट सरकवण्याइतकीच साधी गोष्ट होती.

चंपतरावांनी लाकडी हातोडीने पाचरी सैल केल्या. मोठा मुलगा ईश्वरदास याने दुसऱ्या बाजूने खांदा लावला. सागवानी फळ्यांची ती अख्खी भिंत चौकटीतून अलगद सुटली आणि थोडी पलीकडे, दुसऱ्या खाचेत जाऊन बसली. धाकटा देवाजी आणि त्याची बायको यांची खोली बाळंतपणापुरती मोठी झाली. कुठे एक खिळा नाही, चिमूटभर सिमेंट नाही.

ईश्वरदास शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. छपराचा भार कोणत्या खांबातून जमिनीत उतरतो, ते तो फळ्यावर काढून दाखवू शकला असता. तरी भिंत सुटताना दर वेळी त्याचा श्वास अडकायचा. बापाचं हे घर त्याला कळायचं, पण कळून संपायचं नाही.

चंपतराव मूळचे खाप्याच्या विणकर घरातले. माग खोलून बैलगाडीवर घालायचा आणि दुसऱ्या गावी पुन्हा उभा करायचा, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. पुढे सगळं आयुष्य प्रदर्शनांचे मंडप उभारण्यात आणि उतरवण्यात गेलं. काम सुटल्यावर धरमपेठेच्या मागच्या अंगाला घेतलेल्या जागेवर त्यांनी हे घर जोडलं. एका ओळीत तीन भाग: पूर्वेला ईश्वरदास, पश्चिमेला देवाजी आणि मधल्या खोलीत ते स्वतः आणि त्यांची बायको प्रयागबाई. शेजारचे नत्थूजी आपल्या पाहुण्यांना महाराजबागेच्या आधी हे घर दाखवायला आणत.

भिंत बसवून झाल्यावर ईश्वरदास खांबावर हात ठेवून उभा राहिला. मधल्या खोलीच्या दोन्ही अंगांना खांब जोडीने होते, एकाला खेटून दुसरा.

“बाबा, इथं एकच खांब पुरला असता. दोन काहून लावले?”

“लाकूड उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. त्याले जागा पायजे.”

“एवढी?”

“तू शिकवते ना पोरायले? मंग मले काय विचारतं?” म्हणत चंपतराव हसले आणि पाचर ठोकायला लागले.

बाळंतपण पार पडलं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मात्र दोन्ही सुनांचं बोलणं बंद झालं. कारण विचारलं असतं तर नळावरच्या बादल्या, असं दोघींनीही सांगितलं असतं. देवाजीने हिंगण्याला, कारखान्याजवळ जागा पाहिली. एके दिवशी चहाच्या टपरीवर त्याने विषय काढला.

“दादा, माहा भाग मी उचलून नेतो. इटाचं घर असतं तर भांडत बसलो असतो. याले काय, खोला अन् न्या.”

“अन् मधली खोली?”

“अर्धं लाकूड तुले, अर्धं मले.”

ईश्वरदासने चहाचा पेला खाली ठेवला. मुख्य प्रश्न अजून बाकी होता, आणि तो कसा सुटतो हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या नात्यात असंच चालत आलं होतं. आजोबा थोरल्या काकाकडे मेले तेव्हा आजी दुसऱ्या गावी धाकट्याकडे होती.

“माय माह्याकडे राहू दे,” ईश्वरदास म्हणाला. “प्रेमिला नोकरीवर जाते. लेकरायले कोनीतरी पायजे.”

“ठीक. बाबाचा हात अजून चालते. तिकडं घर जोडाले कामी येतीन.”

माय आणि बाबा एकमेकांवाचून राहिलेले ईश्वरदासने कधी पाहिले नव्हते. प्रयागबाई माहेरी गेल्या तरी चंपतराव दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून तिथे पोचायचे. त्याने उरलेला चहा संपवला. चहाचे पैसे देवाजीने दिले.

रात्री जेवणं झाल्यावर देवाजीने ते घरात सांगितलं. चंपतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. प्रयागबाईंनी सुपातले तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

“रविवारी आपन तिघं मिळून खोलू,” देवाजी म्हणाला.

“रविवार कायले पायजे?” चंपतराव म्हणाले. “उद्या तुमी आपापल्या कामावर जा. सुना अन् लेकरंही घरी नको. फळी अंगावर पडन एखाद्याच्या. मी करतो सुरुवात.”

“एकट्यानं?”

“तुही माय आहे ना.”

ईश्वरदासने आईकडे पाहिलं. “माय, तुले काही म्हनाचं आहे?”

“तांदूळ लय खराब निघाले या वेळी,” प्रयागबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो सायकल दामटत आला. देवाजी आधीच येऊन रस्त्यावर उभा होता. त्याच्या भागाची एक पाचरही हललेली नव्हती. ईश्वरदासचाही भाग जसाच्या तसा होता, जोडीतला एकेक खांब गेला तरी आपल्या चारी खांबांवर ताठ. दोन्हींच्या आतल्या अंगाला फळ्या नीट बसवून भिंती बंद केल्या होत्या. कुठे झुकाव नव्हता, फट नव्हती. मधे फक्त दगडी जोतं उरलं होतं, झाडून स्वच्छ केलेलं. जिथे काल खोली होती, तिथून थेट पलीकडची चिंच दिसत होती आणि तिच्यावरचं लाल होत चाललेलं आभाळ.

इतकं नेटकं काम ईश्वरदासने जन्मात पाहिलं नव्हतं. क्षणभर तो फक्त तेच पाहत राहिला.

“लाकूड कुठं ठेवलं बाबानं?” देवाजीने विचारलं.

नत्थूजी आपल्या ओट्यावरून उतरून आले.

“ठेवलं नाही गा. खाप्याहून ट्रक आला होता, चार गडी घेऊन. फळ्या, खांब, पत्रे, सगळं चढवलं. बाबा अन् माय सामोर डायवरजवळ बसले.”

देवाजी रिकाम्या जोत्यावर चढला.

“निघताना मायनं निरोप देला,” नत्थूजी म्हणाले. “म्हने, पोरायले सांगजा, आमी वेगळे निघालो.”