खंडेनवमीची पैज

जयरामची मोटारसायकल पुन्हा ट्रकवर आदळली. पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा धूर झाला. खाली आकडा आला, पुतळाबाईंच्यापेक्षा कमीच.

"घरी जा हो," मागून पुतळाबाई म्हणाल्या. "बोटं दुखतील."

काय बाई होती! जयरामच्या अंगाचा तिळपापड झाला. अंबडच्या त्या वर्कशॉपात कारकून दोघंच, आणि नातं विळ्याभोपळ्याचं. त्यात रंगनाथशेठनी फर्मान काढलं: येवल्याच्या नव्या गोदामावर एकानं जायचं, कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. जयरामची आई अंथरुणाला खिळलेली. दुपारी घरी धावत जाऊन तोच तिला भरवायचा. तो गेला तर म्हातारीला विचारणार कोण?

पण हे त्या बाईपुढे बोलतो कशाला! उलट मिजाशीत त्यानंच पैज लावली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमधला एक जुनाट गेम होता, ट्रॅफिकमधून मोटारसायकल काढायचा. खंडेनवमीला त्यात ज्याचं नाव वर, तो अंबडला राहणार. पुतळाबाईंचं नाव आधीच वर होतं. तो तुक्का, असं जयराम म्हणायचा. तुक्का कसला! आठवडाभर घासूनही तो खालीच.

"येवल्यात खोली बघायची तर स्टँडमागच्या गल्लीत बघा," त्या म्हणाल्या. "तिथं पाणी नियमित येतं."

"तुम्हीच राहा तिथं!" जयराम खेकसला आणि दार आपटून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला मशिनींना आणि कॉम्प्युटरला झेंडूच्या माळा चढल्या. पूजेआधी कशालाच हात लावायचा नाही, हा शेठचा दंडक. पूजा झाली की कॉम्प्युटर लावून नाव बघायचं ठरलं होतं. जयरामनं नारळ फोडायचा मान मागून घेतला. नारळ फुटला आणि सगळं पाणी कॉम्प्युटरच्या डब्यात गेलं.

"अरेरे, हात निसटला!"

शेठनी घाईनं बटण दाबलं. चर्र झालं, जळका वास सुटला. गेम गेला, आकडेही गेले.

"आजच्या दिवशी यंत्र मारलंस?" शेठ कडाडले. "खड्ड्यात गेली तुमची पैज! सोमवारी तूच येवल्याला हजर व्हायचं."

आता ही बाई दात काढणार, असं जयरामला वाटलं. पण पुतळाबाई मटकन खाली बसल्या.

"काय केलंत हो हे! माझा नवरा येवल्याला एकटा पैठणीच्या मागावर बसतो. मला जायचंय म्हटलं असतं, तर तुम्ही मुद्दाम आडवे आला असता, म्हणून गप्प राहिले. काल तुम्ही गेल्यावर तुमच्या नावानं खेळून मीच तुम्हाला वर आणलं होतं."