शून्य ते दहा

पेशंट तुम्ही आणून द्यायचे होते, साहेब. विभागप्रमुख तुम्ही. चार वर्षं माहितीपत्रकावर हॉस्पिटलचा फोटो तुम्ही छापला. आजारी माणसाला व्यायामानं कसं उभं करायचं ते इथे शिकवतो, असं त्याखाली लिहिलं. पोरं भुलली, आली. आणि शेवटच्या प्रॅक्टिकलच्या आठ दिवस आधी फळ्यावर नोटीस डकवली: पेशंट ज्याचा त्यानं आणावा. नातेवाईक चालणार नाही.

पोरांनी आणले. गोलूनं महाल वस्तीतून ताराचंदला आणलं. ताराचंद रोज वीस किलोमीटर सायकल मारतो. गोलू त्याला जिन्यात शिकवत होता, "अबे, जरा हाफ ना. हार्टचा पेशंट आहे तू, वरातीत नाही आला." ताराचंद हाफला. तुम्ही त्याची नाडीसुद्धा धरली नाही. गोलू पास.

दिपालीनं खरा आजारी आणला. आपला बाप.

चंद्रभान सावनेरकडून आला. खाणीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. एसटीत बसल्यापासून "मॅडम, मॅडम" घोकत होता, लेकीला चुकून दिपू म्हणू नये म्हणून. इस्त्रीचा शर्ट. खिशाला पेन, कशाला कोण जाणे. लेक आज पास झाली तर सोमवारपासून एका हॉस्पिटलात हृदयाच्या रुग्णांना चालवायची नोकरी तिची होती. नापास झाली तर एक वर्ष गेलं, आणि नोकरीही गेली.

कॉरिडॉरमध्ये तीस मीटरवर दोन नारिंगी कोन. त्यांच्यामध्ये सहा मिनिटं चालायचं, झेपेल तसं. दर मिनिटाला विचारायचं, दम किती लागतो, शून्य ते दहा. पेशंट सांगेल तो आकडा फॉर्मवर लिहायचा.

चंद्रभान असा निघाला जसा पुढे पहिला नंबर ठेवला आहे.

"काका, हळू. शर्यत नाही ही."

"मले काय होते, मॅडम?"

"दम किती?"

"शून्य."

दुसरं मिनिट. बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजन सत्त्याऐंशी. "किती, काका?" "शून्य." तिसरं मिनिट. ब्याऐंशी. आता तो शब्द दोन तुकड्यांत आला. "शू... न्य."

चौथ्या मिनिटाला दिपालीनं त्याचे ओठ पाहिले. जांभळे. आकडा अठ्ठ्याहत्तर. ऐंशीच्या खाली गेलं की थांबवायचं, हे तिसऱ्या सेमिस्टरला तुम्हीच शिकवलं होतं.

"थांबवते, सर."

तुम्ही एकदा त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि परत घड्याळात डोकं घातलं. "पेशंट शून्य म्हणून राहिला ना? पूर्ण कर. अर्धवट टेस्टले मार्क नाही."

चंद्रभाननं ते ऐकलं. त्यानं पाय आणखी जोरात उचलले.

"बाबा, थांबा!"

चंद्रभाननं भिंत धरली, ती हातातून सुटली. तुमचा हृदयरुग्ण ताराचंद तीन ढांगांत धावत आला आणि त्यानं त्याला उचलून खुर्चीत बसवलं. कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर होता. वर्गातल्या कामिनीनं त्याची चावी फिरवली. काही आलं नाही. सिलिंडर रिकामा होता. रंग मात्र नवा होता.

वीस मिनिटांनी आकडा नव्वदवर आला. मग तुम्ही जवळ आलात. आवाज खाली केलात.

"बाबा वगैरे मी काही ऐकलं नाही. फॉर्म भरून टाक. सहा मिनिटं पूर्ण, दम शून्य. पेशंट स्वतः बोललाच आहे. मी सही करतो, विषय संपला."

दिपालीनं पेन उचललं. सोमवार तिच्यापासून एका शून्याच्या अंतरावर होता.

"लिही ना वं," चंद्रभान खुर्चीतून म्हणाला. "काहून थांबून राहिली? साहेब भले आहेत."

"बाबा, तुमाले दम लागून राहिला होता. मले खोटं काहून सांगितलं? मार्कासाठी?"

"मार्क गिर्क मले काय समजते?" तो हसला, त्यात खोकला. "सवय आहे. खाणीत दरसाल तपासणी राहे. डॉक्टर इचारे, दम लागते का गा? ज्यानं हो म्हटलं, त्याले खालून वर काढलं अन् घरी बसवलं. म्या एकतीस वर्षं एकच जवाब देल्ला. नाही. त्याच्यावरच तर तू शिकली."

"अन् डॉक्टर?"

"तो बिचारा भला माणूस. माह्याकडे पाहे, थोडा थांबे, अन् लिहून टाके."

दिपालीनं फॉर्मवरच्या दमाच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. एकतीस वेळा हाच चौकोन. एकतीस वेळा टेबलामागे एक भला माणूस. त्यालाही ओठ दिसले असतील. त्याच्याही हातात पेन असेल.

तिनं पेन ठेवलं. फॉर्म उलटा फिरवून तुमच्यापुढे सरकवला. पोरं जिन्यातून वर येऊन उभी राहिली होती. गोलू खाली मान घालून. ताराचंद अजून चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून.

"पेशंटचं मी ऐकलं, सर. पण ओठ तुम्हीबी पाहिले. त्या चौकोनात तुमच्या हातानं लिहा." तिनं पेनही पुढे केलं. "बोला. किती?"