राक्षसाची पाळी

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सेलूच्या आमच्या हौशी मंडळानं पोरांसाठी परीकथेचं संगीत नाटक बसवलं. मी पेटीवर होतो. गावोगावचे प्रयोग करून आम्ही सगळे पार दमलो होतो.

राक्षसाचं सोंग पोत्यांचं होतं, आत कापूस ठासलेला. त्यात माणूस उकडून निघायचा, म्हणून बबनराव आणि टिकाराम ते आळीपाळीनं घालत. पाळी ठरलेली नसे. ज्याच्यात त्राण उरलं असेल, तो घाली.

त्या संध्याकाळी राक्षस कधी नव्हे इतका सुरेख नाचत होता. टिकारामची धाकटी गंगा आमची राजकन्या. गाणं संपलं की राक्षस तिला खांद्यावरून पळवून नेई.

विंगेत माझ्या पेटीशेजारी बबनराव पंख्यानं वारा घेत बसला होता. तेवढ्यात टिकाराम चहाचा कप घेऊन आला आणि त्याला पाहून थबकला.

"तू इथं काऊन?"

"म्हणजे? सोंग तूच घातलं ना?"

दोघांनी रंगमंचाकडे पाहिलं. शेवटची ओळ आली होती. राक्षस गंगाला घेऊन मागच्या दाराकडे वळत होता. दारापलीकडे नुसती रिकामी शेतं.

"भाऊ," टिकाराम माझ्या कानाशी कुजबुजला, "पेटी थांबवू नका."

मी गाण्याचं ध्रुवपद पुन्हा धरलं. राक्षस दारातून परतला आणि नाचू लागला. लोकांना वाटलं, वन्समोर. टाळ्या पडल्या. गंगा खांद्यावर खिदळत होती.

मी पुन्हा ध्रुवपद धरलं. मग पुन्हा.

माझी बोटं आखडत चालली होती. राक्षस मात्र जराही दमला नव्हता.