अर्धाच फोटो

आजोबांचे डावे फुप्फुस शस्त्रक्रियेत काढून टाकल्याला कित्येक वर्षे लोटली होती. उरलेले उजवे ठणठणीत दिसले, तरच त्यांना आज घरी सोडणार होते. म्हणून तंत्रज्ञ बाईंनी फुप्फुसांचा फोटो काढणारे चाकांवरचे यंत्र खाटेपाशीच आणले.

“पिशवीतला वायू ओढून घ्या, आजोबा, आणि श्वास रोखा. वायू पोहोचेल तिथे पडदा उजळेल.”

“अर्धाच फोटो निघेल हं, पोरी!”

उजवे फुप्फुस काठोकाठ उजळले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मग शेजारी, सावकाश, डावेही उजळले.

बाईंनी आवाज चढू दिला नाही. “सोडा आता श्वास.”

आजोबांनी हुश्श केले. उजवे विझले.

“सोडा ना, आजोबा.”

“सोडला की, पोरी! आत काही उरलंच नाही.”

पडद्यावर डावे फुप्फुस अजून श्वास रोखून होते.